घर, गहाण आणि मधला माणूस

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो "घरकर्जाबद्दल काहीतरी" एवढाच. आता व्याजदर, हप्ते, लागणारी कागदपत्रं ही माहिती कुठल्याही बँकेच्या पत्रकात फुकट मिळते, त्यासाठी स्मरणिकेची चार पानं खर्च करायचं कारण नाही. माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या कार्यालयांत गेली. त्या दस्तांत देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, साक्षीदारांचं असतं, लिहिणाऱ्याचंही असतं. फक्त ज्याने देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एका टेबलाशी आणून बसवलं, त्याचं नाव कुठेच नसतं. आज आपण त्याला एजंट म्हणतो. शहरात तो "लोन कन्सल्टंट" असतो आणि बँकेच्या भाषेत "डीएसए". आपल्या सोसायटीत कर्ज काढून बांधलेलं असं घर विरळाच, की ज्याच्या फाइलला ह्या माणसाचा हात लागलेला नाही. त्याच्याविषयीच लिहितो.

पाथरीत बसून जमिनीच्या सौद्यांचा विषय काढला की एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातले, असं फरिश्त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे बुऱ्हाण निजामशहाला आपल्या पूर्वजांचं गाव आपल्याकडे असावं असं वाटलं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. निजामशहाने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, इमादशहाने नकार दिला, आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पाथरी लढाई करून घेतली गेली. अदलाबदलीचा सौदा फिसकटल्यावर काय होतं, याचं इतकं मोठं उदाहरण आपल्याच गावचं आहे.

आता साध्या माणसाच्या घराकडे येऊ. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातले दस्त लोक पिशवीतून घेऊन यायचे ते बहुतेक उर्दूत, काही मोडीत. सालं फसली, म्हणजे १३४० फसली असेल तर आपलं १९३०-३१. रक्कम हाली सिक्क्यात, सात हाली रुपयांचे सहा इंग्रजी रुपये. खरेदीखताला कबाला म्हणायचे आणि गहाणखताला रेहननामा. त्यातही प्रकार होते. घर सावकाराच्या ताब्यात द्यायचं आणि भाडं किंवा वापर हेच त्याचं व्याज समजायचं, हे ताबेगहाण. दुसरा प्रकार बै-बिल-वफा, ज्याला आपण मराठीत मुदत खरेदी म्हणतो. कागदावर चक्क विक्री लिहायची. अमुक मुदतीत पैसे परत केले तर घर परत, नाहीतर विक्री कायम. ह्या प्रकाराने मराठवाड्यात किती वाडे आणि किती शेतं गेली असतील ते मोजायला कुणी बसलेलं नाही. पण आमच्या टेबलापुढे आज्याचा कागद घेऊन उभा राहिलेला नातू मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिला. त्याला घरात सांगितलेलं असायचं की आज्याने वाडा गहाण ठेवला होता. कागदात विक्री असायची.

हे का व्हायचं? आज्याला उर्दू वाचता येत नव्हतं. कचेरीच्या ओट्यावर बसलेला अर्जनवीस उर्दूत लिहायचा आणि मराठीत समजावून सांगायचा. हाच त्या काळचा मधला माणूस. तो वाईटच असायचा असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातले काहीजण आपण होऊन सावध करणारेही होते, अशा गोष्टी जुन्या लोकांकडून मी ऐकल्या आहेत. पण हिशेब बघा. सावकार त्याच्याकडे वर्षाला पन्नास दस्त आणायचा. घर गहाण टाकणारा माणूस आयुष्यात एकदा यायचा. दोघांच्यात काही खटकलं तर अर्जनवीस कुणाला दुखावेल?

हा प्रश्न मला पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो, म्हणून तो ध्यानात ठेवा. मधल्या माणसाचा स्वभाव चांगला की वाईट, हे नंतर. त्याच्याकडे पुन्हा पुन्हा काम घेऊन कोण येतं आणि त्याची मजुरी कोण देतं, हे आधी.

इंग्रजी मुलखात हा प्रश्न दंग्याने पुढे आला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण शिकलो ते हेच. ह्या दंग्यांत गावोगाव लोकांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडच्या कागदांवर होता, ते काढून घेऊन जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. शेतकऱ्याने करून द्यायचा कर्जाचा कागद गावनिबंधकापुढे, त्याच्या देखरेखीखाली लिहायचा. कोर्टालाही कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता ते बघण्याची मुभा दिली. म्हणजे सरकारने सावकाराकडून पैसे न घेणारा एक मधला माणूस उभा केला. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर ह्या जिल्ह्यांसाठी होता. निजामाच्या राज्यात असल्याने आपल्याकडे तो आला नाही, आणि आपला आज्जा ओट्यावरच्या अर्जनवीसाकडेच जात राहिला.

दुसरी वाट लोकांनी स्वतः काढली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १७७५ मध्ये रिचर्ड केटली नावाच्या खाणावळवाल्याने आपल्याकडे येणाऱ्या लोकांची एक मंडळी केली. सगळ्यांनी दर महिन्याला पैसे घालायचे, जमतील तसं एकेकाचं घर उभं करायचं, सगळ्यांची घरं झाली की मंडळी बंद. आपल्या बायका भिशी लावतात तेच, फक्त घरासाठी. ह्या बिल्डिंग सोसायट्यांमधून तिकडच्या घरकर्जाची सगळी व्यवस्था वाढली. आपल्याकडे १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता, १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना दार उघडलं. लगेच १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते, ज्यांनी त्याआधी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँकेची सुरुवात केली होती. आधी पतपेढी आणि मग घरं, हा क्रम बघा. घर बांधायचं तर पैशाकडे जाणारी वाट आधी आपल्या हातात पाहिजे, हे त्या माणसाला कळलं होतं.

सहकारी सोसायटी म्हणजे बिनदलालीचा मधला माणूस, असं मी म्हणेन. राज्य पातळीवर गृहनिर्माण संस्थांना कर्ज देणारी सहकारी वित्त संस्था होती, तिला आयुर्विमा महामंडळाकडून पैसा यायचा. कर्ज एकेका माणसाला मिळत नव्हतं, संस्थेला मिळायचं. संस्थेची जमीन आणि इमारती एकत्र गहाण पडायच्या, सभासद आपला हप्ता संस्थेत भरायचे आणि चिटणीस तो पुढे पाठवायचा. एकाने हप्ता थकवला की भार सगळ्यांवर. त्यामुळे चिटणीस सायकलवर घरोघर फिरायचा. त्याला दलाली नाही, पगार नाही, वर शिव्या. पण तो कर्ज घेणाऱ्यांनीच निवडलेला असायचा आणि स्वतःही त्याच गहाणात अडकलेला असायचा.

१९७७ मध्ये हे चित्र बदलायला सुरुवात झाली. हसमुखभाई पारेख यांनी आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर, साठी उलटून गेल्यावर, एचडीएफसी काढली. नोकरदार माणसाला, संस्थेला नव्हे, थेट एकेकाला दीर्घ मुदतीचं घरकर्ज द्यायचं आणि ते त्याने पगारातून दरमहा फेडायचं. आज ह्यात नवल वाटत नाही. तेव्हा भागविक्रीला सुद्धा पुरता प्रतिसाद मिळाला नव्हता. लोक निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घर बांधत आणि चार-पाच वर्षं त्यात राहून जात. जुलै १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक झाली, १९८९ मध्ये एलआयसीची घरकर्जाची कंपनी आली. मग सरकारी-खासगी बँकाही उतरल्या. २००१ च्या बजेटमध्ये घरकर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट दीड लाखांवर गेली, व्याजदर उतरत गेले आणि घरकर्ज हा बँकांचा सगळ्यात लाडका धंदा झाला.

पण गिऱ्हाईक आणायचं कुणी? तालुक्याच्या गावी शाखाच नसलेल्या कंपन्या कर्ज देऊ लागल्या होत्या. त्यांना माणूस लागला, आणि तो परभणीहून मोटारसायकलवर आला. आपली सोसायटी उभी राहत होती तेव्हाच हे सगळं घडत होतं, त्यामुळे आपल्या घरांचा इतिहास आणि त्याचा इतिहास बरोबरीचा आहे.

तो नेमकं करतो काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फॉर्म भरतो आणि झेरॉक्स काढतो. खरं काम वेगळं आहे. आपल्या भागातले कागद बँकेच्या मुंबई-पुण्यातल्या माणसाला समजत नाहीत. नगर परिषदेचा नमुना ४३ म्हणजे मालकीचा पुरावा नाही, ती कर आकारणीची नोंद आहे. गावठाणातल्या वाड्याला खरेदीखतच नसतं, वाटणीपत्र असतं तेही साध्या कागदावर. जमीन मूळची इनामी निघाली की फाइल अडते. तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवर, म्हणजे गुंठेवारीत, बँक हातच लावत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय केली, २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तरी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय कर्जाचं नाव काढता येत नाही. कुठली फाइल कुठल्या बँकेत चालेल, किराणा दुकानदाराचं उत्पन्न विवरणपत्रात दिसत नसेल तर कोण त्याच्या वहीवर विश्वास ठेवेल, बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये कशावर बोट ठेवील, हे ज्ञान एजंट विकतो. आपल्या दोन नंबरच्या गल्लीतल्या एका सभासदाला तीन बँकांनी परत पाठवलं होतं. एजंटाने त्याला आधी तीन वर्षांची विवरणपत्रं भरायला लावली, वर्षभर थांबवलं आणि मग फाइल लावली. कर्ज मिळालं. असा माणूस पैशाला महाग नाही.

इथे आपल्या संस्थापक मंडळींचंही नाव निघालं पाहिजे. त्यांनी प्लॉट वाटायच्या आधी अकृषिक परवानगी आणि रेखांकन मंजुरी हातात घेतली, खासरा पाहणी पत्रकापासून सातबारापर्यंतची साखळी लावून एका फायलीत ठेवली. तेव्हा "एवढा उशीर कशाला" म्हणून सर्वसाधारण सभेत आरडाओरडा झाला होता. पुढे प्रत्येक बँकेच्या वकिलाने तीच फाइल मागितली. निम्मी दलाली तिथेच वाचली म्हणा ना.

प्रधानमंत्री आवास योजनेत २०१५ पासून व्याज अनुदान सुरू झालं, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांपर्यंत. अल्प उत्पन्न गटात नवं घर विकत घ्यायचं तर घरातल्या बाईचं नाव मालक किंवा सहमालक म्हणून लावणं सक्तीचं होतं. बायकोचं नाव खरेदीखतात घालायला जे भाऊ कधी तयार झाले नसते, त्यांना एजंटाने दोन मिनिटांत तयार केलं. समाजसुधारणा दलालाच्या हातूनही होते ती अशी.

आता दुसरी बाजू. एजंटाला मोबदला देते बँक किंवा कर्ज देणारी कंपनी, आणि तो मिळतो मंजूर होऊन उचललेल्या कर्जाच्या रकमेवर. म्हणजे कर्ज मोठं तर त्याची कमाई मोठी. कर्ज नको म्हणून सांगितलं तर कमाई शून्य. उदाहरण घ्या. १५ लाखांचं कर्ज, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो १३,०१७ रुपये. अकरा टक्क्यांनी येतो १५,४८३. महिन्याला फरक दोन हजार चारशे सहासष्टचा, ऐकायला फार वाटत नाही. २४० हप्त्यांत तो ५ लाख ९२ हजारांच्या घरात जातो. मोबदला अर्धा टक्का धरला तर एजंटाचे होतात साडेसात हजार. ज्या कंपनीकडून त्याला मोबदला थोडा जास्त मिळतो तिथे त्याने फाइल नेली, तर त्याचे दोन-तीन हजार वाढतात आणि आपले पाच-सहा लाख जातात. सगळे असं करतात असं नाही. पण करणाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. हा तोच ओट्यावरचा हिशेब. कंपनी वर्षाला पन्नास फायली घेते, आपण आयुष्यात एकदा येतो.

वर काहीजण गिऱ्हाइकाकडूनही "फाइल खर्च" घेतात. आपल्यातल्या एका भगिनीने असे आठ हजार रोख दिले. बँकेची प्रक्रिया फी वेगळी कापली गेली तेव्हा तिला कळलं की आठ हजार बँकेचे नव्हतेच. पावती नव्हती. कर्जातच एकरकमी विम्याचा हप्ता मिसळून देणं हाही नेहमीचा प्रकार, ज्यावर पुढे वीस वर्षं व्याज भरत बसायचं. ह्या विम्याला मी स्वतः नावं ठेवत आलो आहे. पण २०२१ च्या कोरोनात आपल्या एका सभासदाचा मृत्यू झाला तेव्हा त्याच विम्यातून उरलेलं कर्ज फिटलं आणि वहिनी आज त्याच घरात राहतात. तेव्हा विमा वाईट नाही. तो न विचारता, न सांगता फायलीत घालणं वाईट.

अमेरिकेत ह्याच गोष्टीने केवढा अनर्थ केला ते जगाने २००८ मध्ये पाहिलं. तिथल्या ब्रोकरला गिऱ्हाईक जास्त व्याजदराच्या कर्जात बसवलं तर कंपनी जादा मोबदला द्यायची. न परवडणारी कर्जं वाटली गेली, कारण वाटणाऱ्याची कमाई पहिल्या दिवशीच हातात पडत होती. अनर्थ एकट्या ब्रोकरने केला असं नाही, मोठमोठ्या बँका त्यात होत्याच, पण दारावर येणारा माणूस तोच होता. नंतर कायदा झाला की व्याजदर वाढवला म्हणून मोबदला वाढता कामा नये. ऑस्ट्रेलियात २०२१ पासून ब्रोकरवर कायद्याने बंधन आहे की त्याने गिऱ्हाइकाचं हित पहिलं धरायचं. आपल्याकडे मे २०१७ पासून महारेरामुळे प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्या एजंटांना नोंदणी लागते. घरकर्ज आणून देणाऱ्याला असा वेगळा परवाना नाही. रिझर्व्ह बँकेचा दंडक एवढा आहे की बँकेने नेमलेल्या एजंटाच्या वागण्याला बँक जबाबदार. म्हणून त्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तू कुणाकुणाचा एजंट आहेस आणि ह्या कर्जाचे तुला किती मिळणार. खरा माणूस सांगतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च मिळवून वर्षाचा खरा दर दाखवणारं एक पत्रक द्यायचं आहे. ते दोन ठिकाणांहून घेऊन शेजारी शेजारी ठेवा. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज मुदतीआधी फेडायला बँका दंड लावू शकत नाहीत, हा नियम २०१२ पासून आहे. त्यामुळे दर महाग वाटला तर कर्ज दुसरीकडे नेता येतं. मात्र ती फाइल हलवणाऱ्यालाही पुन्हा मोबदला मिळतो, हे विसरू नका.

शेवटी कागदांचं. घरकर्जात आपण बहुधा गहाणखत करत नाही, मूळ दस्त बँकेत ठेवतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ही सोय सुरुवातीला कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या शहरांपुरती होती, पुढे सरकारने अधिसूचित केलेल्या शहरांना मिळाली. त्यामुळे घर एका गावी आणि त्याचे कागद भलत्याच शहरात, हे जुनं दुखणं आहे. ह्या ठेवीची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करणं आपल्या राज्यात २०१३ पासून बंधनकारक झालं, म्हणजे तोही बोजा नोंदीला येतो. कर्ज फिटलं की एजंट येत नाही, कारण त्या कामाची दलाली नसते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ नंतरच्या प्रकरणांना लागू आहे.

हा लेख लिहिताना चिटणीसांकडून संस्थेची सभासद नोंदवही मागून घेतली. चौदा नावांपुढे अजून बँकेचा बोजा लिहिलेला आहे. त्यातल्या सहा जणांचं कर्ज फिटून गेल्याचं मला स्वतःला माहीत आहे, दोघांनी तर पेढेही वाटले होते. बँकेचा बेबाकी दाखला आणून चिटणीसांकडे द्या, नोंद त्याच दिवशी कमी होईल. कार्यालय रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं, रविवारी सकाळीसुद्धा.